संदर्भ देताना अडलंय? विचारा की!

गेल्या अंकात आम्ही म्हणलं होतं, शोधनिबंधात पुस्तकांचे संदर्भ देताना कुठं अडतं ते कळवा. तर परभणीपासून धाराशिवपर्यंत सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले, बहुतेक एम.ए. आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे, काही नव्यानं गाइड झालेल्या प्राध्यापकांचेसुद्धा. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी आपल्या गाइडबद्दल, कॉलेजबद्दल मोकळेपणानं लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी मराठीत पीएच.डी. करायलेय. माझा पेपर परत आला आणि त्यावर 'संदर्भ अपूर्ण व विसंगत' एवढाच शेरा आहे. मी तर कॉलेजच्या कॅटलॉगवरून आणि एका जुन्या थिसिसच्या सूचीवरून सगळं नीट उतरवून घेतलं होतं. मग चुकलं कुठं?
– संशोधक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : कॅटलॉगवरून आणि दुसऱ्याच्या सूचीवरून उतरवलंत ना, तिथंच चुकलं. संदर्भ हा पुस्तक हातात घेऊनच लिहायचा, आणि तोही मुखपृष्ठ बघून नाही. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, जिथं बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असं सगळं असतं, ती दोन पानं म्हणजे पुस्तकाचा सातबारा. मुखपृष्ठावर जागा कमी म्हणून उपशीर्षक गाळलेलं असतं, कधी संपादकाचं नाव लेखकासारखं मोठ्ठं छापलेलं असतं, त्यामुळं मुखपृष्ठावर विसंबू नका.

आता त्या मागच्या पानावर सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्रक आणि प्रकाशक यांचा. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशनांच्या पुस्तकांत मुद्रणालयाचं नाव पत्त्यासकट ठळक असतं आणि प्रकाशक कुठंतरी कोपऱ्यात, मग पोरं मुद्रणालयच लिहून मोकळी होतात. आपल्याला प्रकाशक पाहिजे. अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं, आयएसबीएन किती, किंमत किती, यातलं काहीच सूचीत लागत नाही. लेखकाच्या नावामागचं डॉ., प्रा., ह.भ.प. पण काढा. आदर कमी होत नाही त्यानं, पण नाव अकारविल्हेत बरोबर जागी बसतं.

दुसरा घोळ आवृत्तीचा. मराठी प्रकाशक पुनर्मुद्रणालाही बऱ्याचदा 'आवृत्ती'च म्हणतात, म्हणजे मजकूर तोच, फक्त परत छापलेला, तरी 'सातवी आवृत्ती'. तुम्ही जी प्रत वाचली तिच्यावर जे छापलंय तेच लिहा आणि वर्षही त्याच प्रतीचं लिहा. उदाहरण देते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली पहिल्यांदा आली ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून, आज दुकानात मिळते ती पॉप्युलर प्रकाशनाची. आता एखादा सूचीत लिहितो 'पॉप्युलर प्रकाशन, 1963'. अशी प्रत जगात नाहीच! प्रकाशक एका प्रतीचा, वर्ष दुसऱ्या प्रतीचं. आणि पान क्रमांक दिला असेल तर तो कुठल्या प्रतीचा हे कुणालाच कळणार नाही. पहिल्या प्रकाशनाचं वर्ष सांगणं तुमच्या मुद्द्यासाठी गरजेचं असेल तर ते वेगळं सांगा, 'प्रथम प्रकाशन 1963' असं, पण मुख्य वर्ष हातातल्या प्रतीचंच.

राहिला तुमच्या शेऱ्यातला 'विसंगत' शब्द. त्याचा अर्थ एवढाच की अर्ध्या नोंदी एका पद्धतीनं आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीनं झाल्यात. जुन्या थिसिसवरून उतरवल्या की असं होणारच. एमएलए आणि एपीए या संदर्भ लिहायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत. एमएलएत साधारण क्रम असा: आडनाव, नाव. पुस्तकाचं नाव. प्रकाशन, वर्ष. एपीएत वर्ष लगेच लेखकाच्या नावानंतर कंसात येतं, कारण तिथं संशोधन किती ताजं आहे हे आधी बघतात. मजकुरात एमएलए म्हणते कंसात आडनाव आणि नुसता पान क्रमांक, एपीए म्हणते आडनाव, वर्ष आणि 'पृ.' लावून पान. एमएलएची सध्याची नववी आवृत्ती 2021 ची आहे, एपीएची सातवी 2019 अखेर आली. तुमच्या जर्नलनं नाहीतर विद्यापीठानं कुठली सांगितलीय ते आधी विचारा आणि मग पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच धरा. मराठीत छापताना स्वल्पविराम की पूर्णविराम यावर लोक भांडतात, मला ते भांडण फार महत्त्वाचं वाटत नाही. सगळीकडं एकसारखं असलं की झालं.

प्रश्न : पुस्तकावर प्रकाशनस्थळ 'औरंगाबाद' छापलंय. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. सूचीत काय लिहू? एक सर म्हणायलेत नवीनच लिहा, दुसरे म्हणायलेत जुनं ठेवा. आणि एका जुन्या पुस्तकावर तर वर्ष 'शके' असं दिलंय.
– एम.ए. इतिहास, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जे छापलंय ते. पुस्तकावर औरंगाबाद असेल तर औरंगाबाद, उस्मानाबाद असेल तर उस्मानाबाद. यात आजच्या नावाला विरोध वगैरे काही नाही, नावं 2023 मध्ये बदलली आणि पुस्तक त्याआधीचं आहे एवढंच. वाचकाला गोंधळ होईल असं वाटलं तर चौकोनी कंसात आजचं नाव टाका. चौकोनी कंस म्हणजे 'हे पुस्तकात नाही, मी सांगतोय' असा सगळ्या जगात समजला जाणारा इशारा आहे. तुमच्या स्वतःच्या लिखाणात, म्हणजे प्रकरणाच्या मजकुरात, आजचं नाव खुशाल वापरा.

हाच नियम विद्यापीठालाही लागतो. आपलं विद्यापीठ 1958 साली 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणून सुरू झालं आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. म्हणून 1980 चा एखादा अप्रकाशित प्रबंध संदर्भाला घेतला तर त्यावर 'मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद' असंच छापलेलं असणार आणि तसंच लिहायचं. ज्या नामांतरासाठी लोकांनी एवढं सोसलं त्याचा इतिहास लिहिताना तर तारखा आणि नावं जागच्या जागी असायलाच पाहिजेत.

एक गोष्ट अजून. एमएलए आणि एपीए या दोन्हीत आता प्रकाशनाचं शहर लिहीत नाहीत, शिकागो या तिसऱ्या पद्धतीच्या 2024 च्या अठराव्या आवृत्तीनंही ती सक्ती काढली. पण आपल्याकडचे बरेच मराठी आणि इतिहासाचे विभाग अजून स्थळ मागतात, आणि मला विचाराल तर मराठी पुस्तकांसाठी ते द्यावंच, कारण एकाच नावाची प्रकाशनं दोन-दोन गावांत असतात.

शक वर्षाचं सोपं आहे, 78 मिळवा. गुढीपाडवा शके 1898 म्हणजे 1976. मात्र माघ-फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष पुढं सरकलेलं असतं, तिथं 79. शके 1898 चा माघ 1977 मध्ये येतो. निजामाच्या काळातली कागदपत्रं, अहवाल बघणार असाल तर फसली सन भेटेल, त्यात साधारण 590 मिळवायचे, 1357 फसली म्हणजे 1947-48, आपला मुक्तिसंग्राम संपला ते वर्ष. नोंदीत मूळ सन आधी आणि इसवी सन चौकोनी कंसात.

प्रश्न : नरहर कुरुंदकरांवर पेपर लिहायलोय. त्यांचं बरंच महत्त्वाचं लेखन दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत आहे. मी सूचीत पुस्तकाच्या लेखकाचं नाव दिलं तर गाइड म्हणतात कुरुंदकर कुठं गेले, कुरुंदकरांचं दिलं तर म्हणतात हे पुस्तक त्यांचं नाही. करायचं काय?
– सहायक प्राध्यापक, नांदेड

उत्तर : सर, तुमचे गाइड दोन्ही वेळेस बरोबर बोललेत, दोघंही नोंदीत यायला पाहिजेत, फक्त क्रम महत्त्वाचा. ज्याचं वाक्य तुम्ही उचललं तो पहिला. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना घ्या, शिवाजी महाराजांवर लिहिणारा कुणीही ती टाळून पुढं जाऊ शकत नाही. नोंद अशी होईल: कुरुंदकर, नरहर. "प्रस्तावना." श्रीमान योगी, लेखक रणजित देसाई, मग प्रकाशन, तुमच्या प्रतीचं वर्ष, आणि प्रस्तावनेची पानं कुठून कुठपर्यंत. मजकुरात कंसात कुरुंदकरच येणार. पण त्याच पेपरात कादंबरीतलं एखादं वाक्य घेतलं तर तिथं देसाई, आणि सूचीत देसाईंच्या नावानं वेगळी नोंद. एका पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या म्हणून घाबरू नका, ते बरोबरच आहे.

प्रस्तावनेच्या पानांना कधी कधी वेगळे आकडे असतात, रोमन नाहीतर 'अकरा, बारा, तेरा' असे अक्षरी. जसे असतील तसेच लिहा, त्यांचे साधे 11, 12 करू नका, नाहीतर वाचणारा कादंबरीच्या अकराव्या पानावर जाऊन शोधत बसेल.

आणि याच ओघात गौरवग्रंथांचं सांगते, कारण हा प्रश्न लातूर आणि बीडकडूनही आलाय. मराठवाड्यात किती गौरवग्रंथ, स्मृतिग्रंथ, संमेलनाच्या स्मरणिका निघाल्यात आणि त्यांत किती सोनं पडलेलं आहे! पण संदर्भ देताना लोक नुसतं संपादकाचं नाव आणि ग्रंथाचं नाव देतात. वीस-पंचवीस जणांचे लेख त्यात असतात, त्यातला तुम्ही कुणाचा वाचला? लेखकाचं नाव आधी, लेखाचं नाव अवतरणात, मग ग्रंथ, मग 'संपा.' लावून संपादक, प्रकाशक, वर्ष आणि लेखाची पानं. ज्या माणसानं कुठंतरी तालुक्याच्या गावी बसून, पदरचे पैसे घालून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटून एक लेख लिहिला त्याचं नाव तुमच्या सूचीत आलंच पाहिजे. त्याला त्याच्या कामाची दुसरी पावती बहुतेक कधी मिळालेली नसते.

प्रश्न : ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र यांचा संदर्भ देताना पान नंबर द्यायचा का? लेखकाचं आडनाव काय लिहायचं?
– पीएच.डी. विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : अंबाजोगाईहून हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावातून.

ज्ञानेश्वरीला पान नको, अध्याय आणि ओवी द्या, 9.12 असं. पानं प्रत्येक छापील प्रतीत वेगळी, ओवी क्रमांकानं मात्र कुठल्याही प्रतीत जवळपास पोचता येतं. जवळपास म्हणाले, कारण ओव्यांची संख्या आणि पाठ, म्हणजे ओवीतले नेमके शब्द, प्रतीप्रतीत कमीजास्त आहेत. नाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके 1506, म्हणजे 1584 मध्ये, म्हणजे तेव्हाच पाठ बिघडलेत हे त्यांना जाणवलं होतं. पुढं वि. का. राजवाड्यांनी 1909 साली वेगळ्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तिच्यातले पाठ आणखी निराळे. म्हणून ओवी क्रमांकासोबत सूचीत संपादक आणि संहिता कुठली हे असलंच पाहिजे, नुसतं 'ज्ञानेश्वरी, 9.12' लिहून भागत नाही. एखाद्या शब्दरूपावर तुमचा सगळा मुद्दा उभा असेल तर दोन संहिता ताडून बघा आणि दोन्ही सांगा.

लीळाचरित्राचं तर त्याहून नाजूक काम. वि. भि. कोलते यांची संहिता महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1978 मध्ये काढली, त्याआधीच्या नेने आणि तुळपुळे यांच्या संपादित प्रती आहेत, आणि लीळांचे क्रमांक सगळीकडं सारखे नाहीत. तर एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध, लीळा क्रमांक, आणि संपादक, एवढं दिलं तरच वाचणाऱ्याला ती लीळा सापडते. मी तर म्हणेन सोबत पानही द्या.

आडनावाचं म्हणाल तर संतांना आडनावाच्या चौकटीत बसवू नका. 'ज्ञानेश्वर', 'एकनाथ', 'म्हाइंभट' या नावानंच नोंद. 'कुलकर्णी, ज्ञानेश्वर' असं मी खरंच एका सूचीत वाचलंय, सॉफ्टवेअरनं दोन रकाने मागितले म्हणून कुणीतरी दुसरा रकाना भरला. टोपणनावाचंही तेच, पुस्तकावर 'कुसुमाग्रज' आहे तर नोंद कुसुमाग्रज नावानं, हवं तर चौकोनी कंसात वि. वा. शिरवाडकर.

दासोपंतांची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेलं पंचीकरण, तुमच्याच गावात आहे. तिला ना प्रकाशक ना पान. तिथं आणि कुठल्याही पोथी-हस्तलिखिताला कर्ता, कृती, ते कुठं ठेवलंय, कुणाच्या संग्रहात, संग्रहातला क्रमांक आणि पोथी असेल तर पत्र क्रमांक, म्हणजे पोथीच्या सुट्या पानाचा क्रमांक, असं द्यायचं. आणि छापील संपादित प्रत वाचली असेल तर छापील प्रतच सांगा, मूळ वस्तू बघितल्याचा आव आणू नका.

प्रश्न : एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकातलं वाक्य दिलेलं आहे, मला ते वाक्य पाहिजे. मूळ पुस्तक मिळत नाही. मूळ पुस्तकाचाच संदर्भ दिला तर चालंल का? सगळेच देतात.
– बीड

उत्तर : नाही चालणार. सगळे देतात म्हणून तर एकाची चूक दहा प्रबंधांत फिरते. पहिल्यानं वाक्यातला 'नाही' गाळला किंवा 45 च्या जागी 54 छापलं, की पुढचे सगळे 54 च लिहितात, आणि सगळे मूळ पुस्तक वाचल्यासारखे! परीक्षकाला पण ते लगेच कळतं, कारण चूकसुद्धा सेम असते.

सरळ मार्ग आहे. मजकुरात मूळ लेखकाचं नाव घ्या आणि कंसात 'उद्धृत' लिहून तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचा लेखक आणि पान. सूचीत फक्त तुम्ही वाचलेलं पुस्तक. यात कमीपणा काहीच नाही. पण असं एखाद-दुसऱ्या ठिकाणीच चालतं, तुमच्या प्रबंधाचा मुख्य आधारच 'उद्धृत'वर असेल तर मूळ पुस्तक शोधायलाच लागेल. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, साहित्य परिषदेकडं, जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयात बघा, ग्रंथपालांना भेटून सांगा, फोन करायला लावा. आमच्या या भागातले ग्रंथपाल पुस्तकासाठी किती धडपडतात हे मी जवळून बघितलंय, त्यांना फक्त नेमकं नाव, वर्ष आणि प्रकाशक सांगितला पाहिजे.

बाबासाहेबांच्या लेखनाबाबत हे जास्तच पाळा. त्यांच्या नावावर काहीही वाक्यं फिरतात. महाराष्ट्र शासनाचे 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड आहेत, वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड 1979 चा, 2014 मध्ये दिल्लीच्या डॉ. आंबेडकर फाउंडेशननं ते खंड परत छापले, आणि ते ऑनलाइनही फुकट वाचायला मिळतात. तेव्हा 'उद्धृत' म्हणायचं कारणच नाही, खंड उघडा. आणि खंड क्रमांक विसरू नका, नुसतं 'आंबेडकर 2014, पृ. 40' लिहिलं तर त्या वर्षी परत छापलेल्या खंडांतला कुठला ते कळणार नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मूळचं 1936 चं, ते पहिल्या खंडात आहे. तर कृतीचं नाव, मूळ वर्ष 1936, मग खंड 1, 1979, मग पान. 1979 एवढंच लिहिलं तर नवख्या वाचकाला वाटेल बाबासाहेबांनी ते 1979 ला लिहिलं.

प्रश्न : तळटिपांत 'तत्रैव' वापरायचं का नाही?
– लातूर

उत्तर : शेवटचा मसुदा होईपर्यंत वापरू नका. तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलंच पुस्तक. आता तुम्ही 12 आणि 13 च्या मधे नवीन टीप घातली, वर्डनं आकडे आपोआप बदलले, पण खालचा तत्रैव तसाच राहिला आणि आता तो नव्या, भलत्याच पुस्तकाकडं बोट दाखवायलाय. परिच्छेद वरखाली केला तरी तेच. म्हणून प्रत्येक टिपेत लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं आखूड नाव आणि पान असंच लिहीत चला. शिकागोवालेही 2017 पासून तत्रैवसारख्या खुणेऐवजी हेच बरं म्हणतात. विद्यापीठाला तत्रैव, पूर्वोक्त पाहिजेच असेल तर सबमिशनच्या आधी एका बैठकीत बदला.

प्रश्न : आमच्या गावात लायब्ररी नाही, मी मोबाईलवर पीडीएफ वाचते. पान नंबर कुठला द्यायचा? आणि मैत्रिणीनं चॅटजीपीटीकडून संदर्भसूची करून घेतली, पाच मिनिटात झाली, तसं केलं तर काय हरकत आहे?
– हिंगोली जिल्हा

उत्तर : बाळा, पीडीएफवर वाचणं यात लाजण्यासारखं काहीच नाही, साहित्य संस्कृती मंडळाची किती तरी पुस्तकं अशीच मोफत उपलब्ध आहेत, ती वाचच. छापील पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर पानावर छापलेला आकडा द्यायचा. मोबाईलवर खाली जो '63 पैकी 17' वगैरे दिसतो तो नाही, त्यात मुखपृष्ठ, कोरी पानं सगळी मोजलेली असतात. स्कॅनमध्ये शीर्षकपान आणि मागचं पान आहे का ते बघ, नसेल तर प्रकाशक-वर्ष दुसरीकडून पडताळावं लागेल. नोंदीत शेवटी ते कुठल्या वेबसाइटवर वाचलं ते लिही. किंडलसारख्या ई-बुकात पानं नसतील तर प्रकरणाचं नाव किंवा क्रमांक दे. विश्वकोशातली नोंद ऑनलाइन वाचलीस तर नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचं नाव असतं, ते घे, नुसतं 'विश्वकोश' नको.

आता तुझ्या मैत्रिणीचं. तिला आजच सांग की ती सूची बाजूला ठेव. हे यंत्र पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष असं सगळं अगदी खरं वाटेल असं जुळवून देतं आणि त्यातली काही पुस्तकं कधी निघालेलीच नसतात. मराठी पुस्तकांबाबत तर हे जास्तच होतं, कारण मराठी पुस्तकांची नीट माहिती इंटरनेटवर कमी आहे. व्हायव्हाला परीक्षकानं 'हे पुस्तक आणून दाखवा' म्हणलं तर? सूची ठेवायची सोय पाहिजे असेल तर झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे, देवनागरी चालते त्यात. फक्त मराठी पुस्तकाची माहिती त्यात स्वतः, पुस्तक समोर ठेवून भर, आयएसबीएन टाकून आपोआप आलेल्या माहितीत नावं बऱ्याचदा रोमन लिपीत नाहीतर उलटीपालटी असतात. आणि मोबाईलवर वाचतेस तर शीर्षकपान, मागचं पान आणि ज्या पानावरचं वाक्य घेतलंस ते पान, तिन्हींचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये टाकत जा, हे मी सगळ्यांनाच सांगते.

प्रश्न : आमच्याकडं सगळे म्हणायलेत, प्रबंधातली नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दहा टक्क्याच्या आत साम्य आलं की संदर्भ दिला नाही तरी चालतं. खरं का?
– जालना

उत्तर : अजिबात खरं नाही, आणि हा समज फार पसरलाय म्हणून जरा स्पष्टच सांगते. यूजीसीचे 2018 चे नियम आहेत. त्यात 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 असेल तर प्रबंध दुरुस्त करून ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, परत द्यायचा. 40 ते 60 असेल तर एक वर्ष दुरुस्त प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे मोजताना नीट संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे धरत नाहीत, आणि सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगानं जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडतात.

पण ही सगळी शब्दांच्या साम्याची मोजणी झाली. सॉफ्टवेअरला कल्पना उचललेली कळत नाही. तुम्ही एखाद्याचा मुद्दा, त्याची मांडणी, त्यानं गावोगाव फिरून गोळा केलेली माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिली तर साम्य शून्य टक्के येईल, तरी ती चोरीच. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यावाच लागतो, मुद्दा कुणाचा हे सांगावंच लागतं. शिवाय बरंच जुनं मराठी लेखन सॉफ्टवेअरच्या साठ्यात नाहीच, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तर त्याला नुसतं अगम्य दिसतं. त्यामुळं कमी टक्के आले म्हणून कुणीही निर्धास्त राहू नये. उद्या तोच प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर चढतो आणि ज्याचा मुद्दा घेतला तो माणूस, नाहीतर त्याचा विद्यार्थी, तो वाचू शकतो.

आणि अवतरण घेताना शब्दाला शब्द तसाच ठेवा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतील, ते काढू नका. मधलं गाळलं तर तीन टिंबं. मोठं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, एपीएत 40 शब्द किंवा जास्त असेल तर, एमएलएत गद्य चार ओळींच्या पुढं गेलं तर.

प्रश्न : तीन झटपट प्रश्न. माझ्या सूचीत चार देशमुख आहेत. इंग्रजी पुस्तकं मराठी पेपरात कशी लिहू? आणि परवा सबमिशन आहे, एका अवतरणाचा पान नंबर लिहून घ्यायचा राहिलाय, पुस्तक दुसऱ्या शहरातल्या लायब्ररीत आहे.
– धाराशिव

उत्तर : देशमुखांना मजकुरात आद्याक्षरं लावा, आद्याक्षरंही सारखी निघाली तर पूर्ण नाव. इंग्रजी पुस्तकांची नोंद रोमन लिपीतच ठेवा आणि सूचीत मराठी नोंदींनंतर वेगळा गट करा. मजकुरात नाव देवनागरीत लिहिलं तर पहिल्यांदा येईल तिथं रोमन स्पेलिंग द्या, नाहीतर सूचीत ते नाव शोधायचं कुठं? भाषांतर वाचलं असेल तर मराठी भाषांतराचीच नोंद, मूळ लेखक आधी आणि 'अनु.' लावून अनुवादक.

पान नंबरचं मात्र अंदाजानं काही टाकू नका. त्या लायब्ररीत सकाळी उघडल्या उघडल्या फोन करा, पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि ते वाक्य कुठल्या प्रकरणात आहे ते सांगा, आणि त्या पानाचा आणि शीर्षकपानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल का म्हणून विनंती करा. नाहीच जमलं तर ते अवतरण काढून मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहा आणि संदर्भात लेखक, पुस्तक आणि प्रकरण द्या. तेवढं नियमात बसतं.